तिसरा डाग

आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी मला बोल लावायला नको. मी बरी झालेली नाही. आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, "लिहून काढा हो, असाच त्रास असलेल्या एखादीला आधार होईल." बाई मनाने चांगल्या आहेत. त्यांना वाटतं लिहिलं की माणूस मोकळं होतं. मी वह्याच्या वह्या भरल्या तरी माझ्या छातीवरची खाज काही थांबणार नाही, हे त्यांना कसं समजावू? तरी लिहायला बसले, कारण लेसर हा शब्द ऐकल्यावर माणसाचा चेहरा कसा उजळतो ते मी दवाखान्याच्या बाकावर बसून पाहिलं आहे. माझाही तसाच उजळला होता.

आप्पांचा हात

माझं माहेर आगाशीजवळच्या एका गावात. खाडीच्या अंगाला भाताची खाचरं, घराभोवती केळी आणि थोड्या पानवेली. माझे वडील, आप्पा, वाडी करायचे आणि काविळीवर डाग द्यायचे. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. लोखंडाची बारीक सळई चुलीत लाल होईपर्यंत तापवायची आणि आजाऱ्याच्या अंगावर टेकवून उचलायची. आमच्या घरच्या रीतीप्रमाणे डाग दोन. एक मनगटाच्या वर, एक दंडावर. आजोबा देत, त्यांच्या आधी त्यांचे वडील देत. त्याचे पैसे घ्यायचे नाहीत, नारळदेखील घ्यायचा नाही. घेतला तर हाताचा गुण जातो म्हणत.

रविवारी सकाळी आमच्या ओट्यावर पाच-सहा माणसं तरी बसलेली असायची. कुणी खाडीपलीकडून होडीने आलेलं, कुणी विरारहून चालत. चर्चचा मिस्सा आटोपून आलेली किरिस्ताव कुटुंबंही असत, देवाधर्माचा प्रश्न कधी आला नाही. मी फ्रॉकात होते तेव्हापासून त्यांना पाणी द्यायचं काम माझं. लोक म्हणायचे, "आप्पांचा हात देवासारखा." मला बापाचा फार अभिमान होता. आता ते लपवून काय मिळणार आहे?

मी डी.एड.च्या पहिल्या वर्षाला होते, एकोणीस वर्षांची, तेव्हा मला कावीळ झाली. आगाशीच्या बाजारातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी डोळे बघितले आणि सांगितलं, तेलतूप बंद, पडून राहा, उसाचा रस घे, महिन्याभरात उतरेल. मी पडून राहिले. आप्पा मला डाग द्यायला तयार होईनात. गावाला देताना त्यांचा हात कधी कापला नव्हता, पण माझ्याजवळ सळई आणायची म्हटलं की ते काहीतरी काम काढून वाडीत जायचे. तीन आठवडे असे गेले. मग काका-काकूंची कुजबुज सुरू झाली. गावाला डाग देतो आणि घरातली पोर पिवळी, मग हाताचा गुण तो काय. हे आप्पांच्या कानावर गेलं.

त्या रविवारी सकाळी मी आईकडे पेज मागितली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा मला भूक लागली होती. एक वाडगा संपवून मी दुसरा मागितला. त्याचा अर्थ काय होता ते मला कितीतरी वर्षांनी, मुंबईच्या डॉक्टरांकडून कळलं. काविळीत भूक परतली की आजार परतीच्या वाटेवर असतो.

तासाभराने आप्पांनी मला चुलीपाशी बसवलं. आईने मागून खांदे धरले. मनगट झालं, दंड झाला. मी ओठ चावून बसले होते, डाग देणाऱ्याची पोर ओरडली असं कुणी म्हणायला नको म्हणून. संपलं असं समजून मी उठायला लागले, तर आप्पांनी सळई पुन्हा निखाऱ्यात ठेवली.

"आप्पा, दोनच असतात ना?"

"एक आनखी देतो, नंदे," आप्पा म्हणाले. "परक्यांना दोन पुरे. तू माजी हायस."

तो तिसरा त्यांनी गळ्याखाली, छातीच्या मधोमध दिला. त्या वेळी मात्र मी ओरडले. वास आठवतो मला. माणसाच्या कातडीचा जळका वास एकदा नाकात गेला की कायमचा तिथेच राहतो.

आठ-दहा दिवसांत माझ्या डोळ्यांचा पिवळेपणा गेला. गाव म्हणालं, बघा आप्पांचा हात.

वाढ

मनगटावरचा डाग सुकला, दंडावरचाही. दोन्ही जागी पावलीएवढे सपाट वण राहिले. छातीवरचा सुकला खरा, पण तिथे थांबला नाही. पाच-सहा महिन्यांनी चिंचोक्याएवढी गाठ झाली, लाल आणि गुळगुळीत. वर्षाने ती दोन्ही बाजूंना पसरली. बाजूंना नांग्यांसारखे फाटे फुटले. आमच्या काकूने विहिरीवर बघितलं आणि म्हणाली, "अगो, यो तं खेकडा हाय." तेव्हापासून घरात त्याचं नाव खेकडाच पडलं.

दिसणं वगैरे नंतरचं. पहिली खाज. आत कुठेतरी, कातडीच्या खाली, जिथे नख पोचत नाही तिथे. आणि खाजवलं की आग. ब्लाउजचं कापड लागलं की आग, पदर घसरला की आग, घाम आला की विचारायलाच नको. आणि आमच्याकडे घाम कधी येत नाही? मी मंगळसूत्र लांब करून घेतलं, मग अजून लांब, शेवटी पदराच्या गाठीत बांधून ठेवायला लागले.

आप्पा वाडीतून कोरफड आणून आईच्या हातात द्यायचे. "नंदेला लाव," एवढंच. मला कधी विचारलं नाही. वाढत्या पोरीच्या छातीकडे बाप बघत नाही हे खरं, पण ते माझ्या तोंडाकडेही बघेनासे झाले.

माझं लग्न झालं. छातीवर वण आहे एवढं यांना मी आधीच सांगितलं होतं, त्यांनी "बरं" म्हटलं. हे मुंबईला हापिसात, मी शाळेत. विरारला फुलपाड्यात दोन खोल्या घेतल्या. माणूस शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण पहिल्या उन्हाळ्यात एकदा मी रडताना त्यांनी बघितलं आणि विचारलं, "हे नक्की कोणी केलं?" मी सांगितलं. त्या दिवसापासून यांचं आप्पांशी बोलणं तुटलं. सणाला माझ्याबरोबर आगाशीला येत आणि ओट्यावर पेपर उघडून बसत. आई गेली तेव्हाही दोघं शेजारी शेजारी उभे होते, एक शब्द नाही. मध्ये मी. एकाला माझी दया येते म्हणून राग, दुसऱ्याला राग सहन होत नाही म्हणून मौन, आणि खाज माझ्या छातीला.

मीनू

दिवस गेल्यावर खेकडा भराभर वाढला. तसं होतं म्हणे. मीनू झाली तेव्हा तो माझ्या तळहाताएवढा होता.

बाळंतपणाचं कौतुक मी सांगू शकत नाही. मीनूचं डोकं नेमकं तिथे लागायचं. पाजताना मी तिला हातभर लांब धरायचे, उशी मध्ये घालायचे, तरी तिची मूठ यायची आणि मी किंचाळायचे. शेजारच्या बायका म्हणायच्या, "कशी गो आई तू."

ती चालायला लागली, धावायला लागली. मी शाळेतून आले की धावत यायची आणि मी हात पुढे करून तिला थांबवायचे. पोरं किती लवकर शिकतात. तीन वर्षांची झाली तेव्हा तिची तिलाच सवय लागली होती. मी खाली बसले की ती वळसा घालून मागे जायची, पाठीवर डोकं टेकायची, गळ्यात हात टाकताना बोटं आवळून घ्यायची म्हणजे पुढे लागणार नाहीत. मी तिला हे कधी शिकवलं नव्हतं.

मला दुसरं काही नको होतं. दिसायला सुंदर व्हायचं नव्हतं, खोल गळ्याचे ब्लाउज घालायचे नव्हते. मला माझ्या पोरीला छातीशी धरायचं होतं, सगळ्या बायका धरतात तसं, विचार न करता.

नाव

मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात चामडीच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा बघितलं आणि म्हणाले, "किलॉइड. वणाची कातडी वाढतच जाते." मी दोनदा विचारून घेतलं. इतकी वर्षं मला वाटत होतं की हे जगात मलाच झालं आहे. त्याला नाव आहे, म्हणजे औषध असणार, असा मी हिशोब केला. हा हिशोब चुकीचा असतो, हे वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावं.

"कशाने भाजलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"तेल उडालं," मी म्हटलं.

त्यांनी माझं मनगट बघितलं, दंड बघितला. दोन सारखे गोल वण. मग केसपेपरवर तेल लिहिलं.

बाहेर आल्यावर हे चिडले. "डॉक्टरला खोटं कशाला सांगायचं?"

"माझ्या बापाला चार लोकांत अडाणी म्हणवून घेऊ?"

"मग काय म्हणायचं त्यांना?"

मी पदर सावरला आणि स्टेशनची वाट धरली.

मग सुया सुरू झाल्या. महिन्यातून एकदा, वर्षभर. किलॉइड दगडासारखा घट्ट, औषध आत शिरत नाही, डॉक्टर अंगठ्याने जोर लावून ढकलतात. मी डागाच्या वेळी ओठ चावून गप्प बसलेली बाई, इथे पहिल्याच सुईला रडले. तिथल्या एका मावशी, वॉर्डात लादी पुसायच्या, त्या सुईच्या वेळी येऊन माझा हात धरायच्या. त्यांचं ते काम नव्हतं. एकदा रजेवर होत्या तर मी सुई न घेताच परत जायला निघाले होते. सुयांनी खाज थोडी कमी झाली, उंची थोडी उतरली. मीनूचं डोकं टेकेल इतकी नाही.

पेपरातला तुकडा

एक दिवस हे पेपरातून कापलेला तुकडा घेऊन आले. लेसर. प्रकाशाने शस्त्रक्रिया, रक्त नाही, टाके नाहीत. मुंबईतल्या दुसऱ्या एका दवाखान्यात मशीन आलं होतं. यांनी तो तुकडा इतक्या वेळा उघडून घडी केला होता की मधली ओळ पुसून गेली होती. आमच्याच डॉक्टरांनी त्या दुसऱ्या दवाखान्यात ओळख काढून दिली, आणि स्वतः तिथे शिकायला जात होते म्हणून करणारही तेच होते.

"जाईल ना?" मी विचारलं.

"सपाट होईल," ते म्हणाले. "परत येऊ शकतं. अर्ध्याअधिक लोकांना येतं."

माणूस कसं ऐकतो बघा. मला "सपाट होईल" एवढंच ऐकू आलं.

ठरलेल्या दिवशी मीनूला ताप भरला. हे तिच्याजवळ थांबले. माझ्याबरोबर कोण जाणार? निरोप कसा पोचला ठाऊक नाही, पण सकाळी दारात आप्पा उभे. धुतलेलं धोतर, काळी टोपी, हातात केळीच्या पानात बांधलेलं काहीतरी मीनूसाठी. हे आतल्या खोलीतून बाहेर आले नाहीत. आप्पांनी पुडकं उंबऱ्यावर ठेवलं आणि म्हणाले, "चल, नंदे."

डॉक्टरांच्या खोलीत आप्पा माझ्याबरोबर आत आले. मी नको म्हटलं तरी. डॉक्टर कागद पुन्हा भरत होते. "भाजल्याचं कारण?"

"तेल," मी म्हटलं.

"तेल नाय," आप्पा म्हणाले. "मी डाग दिलाय. काविळीचा. ही माजी पोर हाय."

मी जमिनीकडे बघत राहिले. डॉक्टर ओरडतील असं मला वाटलं. त्यांनी तेल खोडलं आणि दुसरं काहीतरी लिहिलं.

"तुमी आता काय करनार तिला?" आप्पांनी विचारलं.

"वाढलेली कातडी जाळून काढणार. प्रकाशाने."

आप्पा म्हणाले, "जाळूनच. मंग मी काय येगळं केलं, साहेब?" रागाने नव्हे. खरंच विचारत होते.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मी आधी बधिर करतो. आणि हे जमणार नाही अशीही शक्यता आहे, हे मला माहीत आहे. तुम्हाला होतं माहीत?"

आप्पा उठून बाहेर गेले.

टेबलावर मला झोपवलं. डोळ्यांवर जाड चष्मा, वर ओले बोळे, छातीच्या आजूबाजूला ओले टॉवेल. बधिर करायच्या सुया टोचल्या, त्या नेहमीच्याच. मग मशीनची घरघर. दुखलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्या जागेला कुणीतरी हात लावत होतं आणि दुखत नव्हतं. मी मनात देवाचे आभार मानले आणि तेवढ्यात वास आला.

तोच. धूर ओढून घ्यायची नळी होती, तरी आला. मी चष्म्याच्या आड पुन्हा एकोणीस वर्षांची होऊन चुलीपाशी बसले. सिस्टर म्हणाल्या, "ताई, हलू नका." मी हलत नव्हते, थरथरत होते.

बाहेर आले तेव्हा आप्पा बाकावर बसले होते, टोपी मांडीवर.

"भायेर आलता वास," ते म्हणाले.

आम्ही दोघं तिथे बराच वेळ बसून राहिलो. मावशींसारखं कुणी तिथे नव्हतं. आप्पांनी माझा हात धरला नाही. मला वाटतं त्यांना स्वतःच्या हाताचीच भीती वाटत होती. त्यानंतर त्यांनी डाग देणं बंद केलं. रविवारी ओट्यावर माणसं यायची आणि आप्पा वाडीत निघून जायचे. सळई मात्र चुलीच्या वरच्या खिळ्याला होती तिथेच राहिली.

दोन महिने

जखम भरायला सहा आठवडे लागले. रोज पट्टी बदलायची, ते काम यांनी केलं, न कंटाळता. भरल्यावर गुलाबी, पातळ, सपाट कातडी. मी आरशासमोर बोट फिरवायचे. बोट अडत नव्हतं.

एक दिवस शाळेतून आले, पर्स टाकली आणि खाली बसले. मीनू सवयीप्रमाणे मागे जायला लागली. मी म्हटलं, "इकडून ये." तिला कळेना. मी तिला ओढून छातीशी घेतलं. ती ताठ झाली, मान वर धरून राहिली, डोकं कुठे ठेवायचं तेच तिला ठाऊक नव्हतं. चार वर्षांच्या पोरीला आईच्या कुशीत शिरता येत नव्हतं. मी तिचं डोकं हाताने खाली टेकवलं. हळूहळू ती सैल झाली. मग तिला झोपच लागली. मी उठले नाही. संध्याकाळचा स्वयंपाक यांनी केला, पिठलं भात, करपलेला.

ह्या उपचाराने मला काय दिलं असं कुणी विचारलं तर हे दिलं. साधारण दोन महिने. ते मी कुणाला परत करणार नाही.

मग उजव्या कडेला खाज सुटली.

मी कुणाला सांगितलं नाही. स्वतःलाही नाही. साबण बदलला, ब्लाउज बदलला, पापड खाणं सोडलं. एका दुपारी मीनू कुशीत आली आणि माझं अंग चोरलं गेलं, एवढंसं, जेमतेम. मी ओरडलेही नाही. मीनूने माझ्याकडे बघितलं. उठली, वळसा घालून मागे गेली आणि पाठीवर डोकं टेकलं, बोटं आवळून.

त्या दुपारी मी मरायचा विचार केला. लिहिणार नव्हते हे, पण लिहिते, कारण ज्यांना असं वाटतं त्यांना आपण वेडे झालो असं वाटू नये. मी उठून कपडे धुतले. त्याहून मोठं काही कारण नाही मी आज इथे असण्याला.

वर्षभरात खेकडा पूर्वीपेक्षा मोठा झाला. आता डावीकडचा फाटा काखेकडे निघाला आहे.

"पुन्हा लेसर केलं तर?" मी डॉक्टरांना विचारलं.

"करता येईल," ते म्हणाले. "पण माझी बहीण असती तर मी करू दिलं नसतं."

माणूस सरळ होता. मी त्याच्यावर रागावूही शकत नाही, ह्याचाच राग येतो.

ज्यांना हे आहे त्यांच्यासाठी

बाईंनी सांगितलं आहे म्हणून चार गोष्टी. डॉक्टरला खरं सांगा. मी खोटं सांगितलं त्याने काही बिघडलं नसेल, पण ते मनात राहतं. सुती कापड, जुनं झालेलं, मऊ. लेसर करा म्हणणार नाही, नका करू म्हणणार नाही. माझ्या शेजारी बाकावर एक पोरगी बसायची, कान टोचल्यावर पाळीला सुपारीएवढी गाठ आलेली. तिचंही त्याच महिन्यात झालं, आणि तिचं परत आलं नाही. ती मला पेढे द्यायला आली होती. मी खाल्ले. घरी येऊन भांडी आदळली.

आणि "परत येऊ शकतं" हे वाक्य दोनदा ऐका. एकदा स्वतः, एकदा बरोबरच्या माणसाने.

ओट्यावर

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी आणि मीनू आगाशीला होतो. सकाळची वेळ. मी ओट्यावर भाजी निवडत होते, आप्पा विड्याच्या पानांचे कवळे बांधत बसले होते. अंगणात एक बाई आली. खाडीपलीकडची असावी, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे. कडेवर दोन-अडीच वर्षांची पोर, डोळे हळदीसारखे. पोरीने डोकं आईच्या छातीवर टाकलं होतं आणि आई बोलता बोलता तिच्या केसांवरून हात फिरवत होती. मी तिकडेच बघत होते.

"आप्पा, डाग द्या," बाई म्हणाली. "लय आशेनं आलंय."

"मी आता देत नाय, बाय. डॉक्टरकडं ने."

"नेली. तो म्हनला आराम करा. लहान पोर आराम कसा करनार? तुमच्या हाताला गुन हाय, सगळे सांगतात."

ती ओट्याच्या पायरीवर बसली. जाणार नव्हती. आप्पांनी हातातला कवळा खाली ठेवला.

"नंदे," ते म्हणाले, "हिला दाखव."

मला आधी समजलंच नाही. इतक्या वर्षांत त्या जागेचा त्यांनी एकदाही उल्लेख केला नव्हता. मी त्यांच्याकडे बघितलं, तर त्यांनी तोंड विहिरीकडे फिरवलं होतं.

मी पदर बाजूला केला. वरची दोन बटणं काढली. सकाळच्या उन्हात त्या बाईला सगळा दिसला असणार, लाल, चकचकीत, फाटे फुटलेला. तिने पोरीचं डोकं घट्ट धरलं. मला वाटलं, चला, ह्याचा एवढा तरी उपयोग झाला. एका पोरीची छाती वाचली. माझ्या सगळ्या दुखण्यात मला पहिल्यांदा काहीतरी हाताला लागल्यासारखं वाटलं.

बाई बघत राहिली. मग म्हणाली, "पन ताय, तुमची कावील गेली ना?"

मी तोंड उघडलं. "ती तशीही चालली होती," मी म्हटलं, "ती आपोआप..."

"गेली ना पन," बाई म्हणाली, आणि उठली. पोरीला सावरून घेतलं. पुढच्या गावात एक म्हातारा देतो, त्याच्याकडे बघते, असं म्हणून वाटेला लागली. केळींच्या आड जाईपर्यंत पोरीचं डोकं दिसत होतं.

मी बटणं लावली.

"आप्पा, ती जाईल त्याच्याकडे."

"जाईल," आप्पा म्हणाले. अजून विहिरीकडेच बघत होते. "नंदे, त्या दिवशी सकाळी तू पेज मागितलीस. दोन वाडगे खाल्लेस."

हे मी त्यांना कधीही सांगितलं नव्हतं.

"मी दारात हुभा होतो. मला कळलं, पोरीची कावील उतरली. डागाची गरज नाय." त्यांचा आवाज अगदी साधा होता, वाडीतलं पाणी संपलं सांगावं तसा. "पन गाव बोलत होतं. आनी मनात म्हटलं, असूद्या, घरचीच पोर हाय, उगाच मागं काय राहायला नको. म्हनून एक जास्त दिला."

भाजी माझ्या मांडीवर तशीच राहिली. मला ओरडायचं होतं, त्यांना दोन थपडा मारायच्या होत्या, त्यांच्या गळ्यात पडून रडायचं होतं. गळ्यात तर पडता येत नव्हतं, ती जागा मध्ये येते.

मीनू आतून आली. तिने आजोबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काही न विचारता मागे जाऊन माझ्या पाठीवर डोकं टेकलं. मी तिला पुढे ये म्हटलं नाही.